हँडल खिशात

पहिल्यांदा डिटोनेटर, म्हणजे सुरुंग उडवणारी नळी, हातात घेतला तेव्हा जाणवलं ते एवढंच की याला वजनच नाही. अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत नळी, बोटाएवढी लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक, एक टोक बंद आणि दुसऱ्या टोकातून दोन वायरी बाहेर आलेल्या, त्यांची नीट गुंडाळी केलेली आणि वायरींची उघडी टोकं एकमेकींना पीळ देऊन बांधलेली. मी तेव्हा नुकताच कॉलेजातून बाहेर पडून दगडाच्या खाणीवर शिकाऊ म्हणून लागलो होतो आणि ज्यांच्या हाताखाली मला सोडलं होतं ते सुरुंगवाले काका आयुष्यभर हेच काम करत आलेले. मी विचारलं, काका, ही टोकं बांधून का ठेवलीत? ते म्हणाले, "तोंड बांधलंय त्याचं. उघडं ठेवलं तर कोणाचंही ऐकेल ते."

पुढे पुस्तकात वाचलं की याला शंट करणं म्हणतात, दोन्ही टोकं जोडली की दोन्ही वायरींत विजेचा दाब सारखाच राहतो आणि भटका करंट आतल्या तारेतून सहजासहजी जात नाही वगैरे. पण काकांचं वाक्यच डोक्यात बसलं, कारण इलेक्ट्रिक डिटोनेटरची सगळी गोष्ट त्यात आहे. हा एक फार आज्ञाधारक पोरगा आहे, हुकूम मिळाला की क्षणात करून मोकळा होतो, फक्त हुकूम कोणाचा ते त्याला कळत नाही.

आत काय असतं ते थोडक्यात सांगतो. दोन वायरींच्या मध्ये केसासारखी बारीक तार, तिच्याभोवती काडेपेटीच्या गुलासारखा एक थेंब. करंट आला की तार तापते, गूल पेटतो, त्याची ठिणगी खाली बसलेल्या अतिशय संवेदनशील स्फोटकावर पडते, ते फुटतं आणि त्याच्या दणक्यानं तळातलं जास्त ताकदीचं स्फोटक फुटतं. मग त्या नळीचा धक्का खडकात पाडलेल्या भोकात भरलेल्या मुख्य मालाला जागं करतो. आजची खाणीतली मुख्य स्फोटकं मुद्दाम मंद स्वभावाची बनवलेली असतात, नुसत्या ठिणगीला ती दाद देत नाहीत, त्यांना धक्काच लागतो. म्हणजे शेकडो किलो माल एका बोटभर नळीची वाट बघत बसलेला असतो. स्फोटकं म्हटली की लोकांना डायनामाइट आठवतं, ही नळी कोणाला आठवत नाही, आणि मला ते नेहमी खटकतं, कारण मालाला शिस्त लावली ती या नळीनं.

ही नळी येण्याआधी काय होतं ते वाचलं की अंगावर काटा येतो. काळी दारू भोकात ठासायची आणि पिसाच्या पोकळ देठात किंवा गवताच्या काडीत दारू भरून तिची वात करायची, ती पेटवायची आणि पळायचं. वात कधी भस्सकन जळून जायची, कधी रेंगाळायची, आणि रेंगाळली की माणूस बघायला परत जायचा आणि नेमका तेव्हा बार व्हायचा. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींमध्ये असे अपघात इतके होत की चामड्याचा व्यापार करणाऱ्या विल्यम बिकफर्डला ते बघवेना. या माणसाचा खाणकामाशी तसा संबंध नव्हता. दोर वळणारा सुताचे पेड कसे वळतो ते बघून त्याला सुचलं की वळता वळता मधोमध दारूची धार सोडली तर? १८३१ मध्ये त्याची सेफ्टी फ्यूज आली आणि वात पहिल्यांदा ठरावीक वेगानं जळायला लागली. फुटाला साधारण अर्धं मिनिट. किती लोकांचे हातपाय आणि डोळे त्यामुळे वाचले असतील, या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

पण वात ती वातच. एकदा पेटली की तुमच्या हातात काही उरत नाही, मध्येच कोणी माणूस तिकडं जाताना दिसला तर ओरडण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि दहा वाती एकाच क्षणी संपतील असं तर होतच नाही. विजेनं बदललं ते इथं. वीज दगड जास्त फोडत नाही हो, दगड तेवढाच फुटतो. विजेनं फक्त क्षण आपल्या हातात दिला, आणि लांब उभं राहून दिला.

ही कल्पना डिटोनेटरपेक्षा जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिननं १७५० च्या सुमाराला विजेच्या ठिणगीनं दारू पेटवून बघितली होती. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रॉबर्ट हेअर या केमिस्ट्रीच्या प्राध्यापकानं ठिणगीऐवजी बारीक तार तापवून दारू पेटवायची युक्ती काढली, आणि आजच्या नळीतली ती केसासारखी तार त्याच युक्तीची नात म्हणायला हरकत नाही. १८३९ मध्ये पास्ली नावाच्या ब्रिटिश लष्करी इंजिनियरनं समुद्रात बुडालेलं रॉयल जॉर्ज जहाज फोडायला बॅटरी आणि तार वापरली, पाण्याखाली वात टिकवायची म्हणजे डोकेदुखी, तारेला पाण्याचं काही नाही. आणि मग २६ जानेवारी १८४३, डोव्हरजवळ रेल्वेच्या वाटेत आलेला राउंड डाउन नावाचा खडूचा कडा. इंजिनियर विल्यम कबिट. कड्याच्या पोटात तीन खोल्या खोदून १८,५०० पौंड, म्हणजे सुमारे ८,४०० किलो दारू भरली आणि ती एकाच वेळी विजेनं उडवली. बघायला आलेल्यांना प्रचंड आवाजाची अपेक्षा होती, झालं उलटंच, जमिनीतून एक दबका गडगडाट आला आणि अख्खा कडा खाली बसत समुद्रात पसरत गेला. नीट भरलेला बार असाच असतो. सगळी ताकद दगडात जाते, आवाजाला फारशी उरत नाही. काका आवाजावरून सांगायचे ठासणी कशी झालीय ते, जो बार जास्त ओरडला त्याच्यावर ते नाराज असायचे.

मग नायट्रोग्लिसरीन हे पातळ, जबरदस्त ताकदीचं स्फोटक आलं आणि दारूचे दिवस फिरले. सोब्रेरो या इटालियन केमिस्टनं ते १८४७ मध्ये बनवलं आणि स्वतःच त्याला घाबरला. अडचण अशी की ते नको तेव्हा फुटायचं आणि हवं तेव्हा नुसत्या वातीनं खात्रीनं फुटायचं नाही. अल्फ्रेड नोबेलनं १८६० च्या दशकात त्याच्यावर उपाय शोधला तो असा की मोठा स्फोट करायला आधी एक छोटा स्फोट करायचा. आधी दारूची लाकडी कुपी, मग पाऱ्याचं फुल्मिनेट हे संवेदनशील स्फोटक भरलेली धातूची टोपी. याच सगळ्या खटपटीत १८६४ मध्ये स्टॉकहोमजवळच्या स्फोटात त्याचा धाकटा भाऊ एमिल गेला. १८६७ चं डायनामाइट जगाला माहीत आहे, पण माझ्या मते नोबेलची खरी मोठी गोष्ट ही टोपी. डायनामाइट गेलं, जिलेटिन गेलं, आता पातळ इमल्शन भरतात, पण लहान स्फोटानं मोठ्याला उठवायचं हे तत्त्व दीडशे वर्षांत हललेलं नाही.

नोबेलच्या टोपीला मात्र वातच होती. टोपी आणि वीज यांचं लग्न लावलं ते अमेरिकेतल्या एच. ज्युलियस स्मिथनं, १८६८ मध्ये, आधी ठिणगीवर चालणारा आणि काही वर्षांत तापणाऱ्या तारेवर चालणारा. त्याच काळात मॅसॅच्युसेट्समध्ये हूसॅक बोगदा चालू होता, पावणेपाच मैलांचा. १८५१ ला सुरू झालेलं काम १८७५ पर्यंत चाललं आणि दोनशेच्या आसपास माणसं त्यात गेली. नायट्रोग्लिसरीन आणि विजेनं बार काढणं हे दोन्ही तिथं खऱ्या अर्थानं कसाला लागलं.

त्या काळातला एक प्रसंग मला फार आवडतो. न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये हेल गेट नावाची जागा होती, खडकांमुळे जहाजांचा काळ. जनरल जॉन न्यूटननं वर्षानुवर्षं नदीच्या तळाखाली बोगदे खणून ते खडक आतून पोखरले. १० ऑक्टोबर १८८५ ला फ्लड रॉक उडवला, सुमारे तीन लाख पौंड स्फोटकं, म्हणजे १३६ टन, आणि बटण दाबलं ते न्यूटनच्या मुलीनं, मेरीनं, तेव्हा ती जेमतेम अकरा-बारा वर्षांची. नऊ वर्षांपूर्वीचा हॅलेट्स पॉइंटचा बारसुद्धा तिच्याच हातून झाला होता, तेव्हा तर ती अगदीच लहान होती. मी त्या बापाचा विचार करतो. किती वेळा त्यानं सर्किट तपासलं असेल, स्वतःवर आणि आपल्या माणसांवर किती विश्वास असेल, की पोरीचं बोट त्या बटणावर ठेवावंसं वाटलं. वात पेटवायला कोणी आपल्या मुलीला पाठवलं नसतं.

बरं, वीज आल्यावर सगळे बार एकदम उडवता यायला लागले आणि मग लक्षात आलं की एकदम उडवणं नेहमी चांगलं नसतं. जमीन हादरते, दगड लांब उडतात, आणि पुढचा दगड हललेलाच नसेल तर मागच्याला सुटायला जागाच मिळत नाही. म्हणून नळीच्या आत गूल आणि स्फोटक यांच्यामध्ये ठरावीक वेळ जळणारा एक छोटा तुकडा बसवला, म्हणजे वात परत आली, पण नळीच्या पोटात आणि मिलिसेकंदांत मोजलेली. करंट सगळ्यांना एकाच क्षणी जातो, पण पहिली ओळ आधी सुटते, २५ मिलिसेकंदांनी दुसरी, मग तिसरी. लांबून एकच दणका ऐकू येतो. मी पहिल्यांदा स्लो मोशनमध्ये शूटिंग बघितलं तेव्हा अक्षरशः खुर्चीतून उठलो, दगडाची अख्खी भिंत पुस्तकाची पानं उलटावीत तशी ओळीओळीनं पुढे येत होती. पापणी लवेपर्यंत हे सगळं संपलेलं असतं.

आता त्या दिवसाबद्दल. बोलण्यात आपण फुसका बार म्हणतो म्हणजे गाजावाजा करून काहीच न झालेली गोष्ट, पण खाणीत फुसक्या बाराइतकं भीतीदायक काही नाही. पाऊस पडून गेला होता, भोकं भरून झाली होती, सगळे डिटोनेटर एकापाठोपाठ एक माळेसारखे जोडलेले, लांब केबल आडोशापर्यंत आणलेली. भोंगा झाला, लाल झेंडे लागले, काकांनी एक्सप्लोडरला, म्हणजे करंट सोडणाऱ्या पेटीला, हँडल लावलं, ओरडून तीनदा इशारा दिला आणि पिळलं. काही नाही. आयुष्यात इतकी शांतता मी ऐकलेली नाही. लांब कुठेतरी एक पक्षी ओरडत होता आणि तो आवाजसुद्धा नको वाटत होता.

काकांनी पुन्हा पिळून बघितलं नाही, चिडले नाहीत. आधी हँडल काढून खिशात घातलं, खिशाचं बटण लावलं, मग केबल एक्सप्लोडरपासून सोडवली आणि तिची टोकं एकमेकींना पीळ देऊन बांधली. मग घड्याळ बघितलं आणि दगडाला टेकून बसले. अर्धा तास. मी म्हणालो, काका, वात थोडीच आहे, करंट बंद म्हणजे बंद. ते म्हणाले, "तुला कळतंय, मला कळतंय. आत गूल धुमसत असेल तर त्याला कोण सांगणार?" अर्धा तास झाल्यावर त्यांनी टेस्टिंगचा मीटर लावला. हा मीटर वेगळा असतो, साधा मल्टिमीटर इथं कधीही चालत नाही, याचा करंट मुद्दाम इतका कमी ठेवलेला असतो की डिटोनेटरला पत्ताही लागू नये. काटा जागचा हलला नाही. म्हणजे माळ कुठेतरी तुटली होती.

मला मागेच थांबवून ते एकटे गेले. मी त्यांची पाठ बघत होतो, एक हात त्या खिशावर होता. परत आले तेव्हा तळहातावर वायरीचा एक तुकडा होता, वरून घरंगळलेल्या दगडाच्या धारेनं कापलेला, तांब्याचं टोक चकाकत होतं. एवढ्याशा तुकड्यानं खडकाची अख्खी भरलेली भिंत गप्प बसवली होती. जोड नवीन केला, पुन्हा सगळी माणसं लांब गेल्याची खात्री केली, पुन्हा मीटर, पुन्हा भोंगा, आणि बार झाला. संध्याकाळी चहा पिताना ते म्हणाले, "हँडल माझ्या खिशात होतं म्हणून मी तिकडं चालत जाऊ शकलो. दुसऱ्याच्या खिशात असतं तर तो माझा कितीही सख्खा असता तरी गेलो नसतो." हा खरं तर नियमच आहे, हँडल किंवा चावी बार उडवणाऱ्याजवळच राहते, पण नियम म्हणून वाचणं वेगळं आणि तो हात खिशावर ठेवून चालणारा माणूस बघणं वेगळं.

तर हुकूम कोणाचा हा प्रश्न. साध्या इलेक्ट्रिक डिटोनेटरला करंट म्हणजे करंट, तो एक्सप्लोडरमधून आला की आभाळातून, त्याला फरक नाही. म्हणून लांबवर वीज चमकली तरी भरलेली भोकं तशीच सोडून सगळ्यांनी बाजूला व्हायचं, आणि नियम म्हणून नाही, जिवाच्या भीतीनं व्हायचं. म्हणून नायलॉनचे कपडे नकोत, म्हणून हाय टेन्शन लाइनखाली काम करताना दहादा विचार, म्हणून काही देशांत रस्त्याच्या कडेला पाट्या दिसतात की पुढे सुरुंगाचं काम आहे, वायरलेस सेट बंद करा. पसरलेल्या वायरी म्हणजे एक अँटेनाच की. १९६७ च्या २९ जुलैला फॉरेस्टल या अमेरिकन विमानवाहू जहाजाच्या डेकवर विजेच्या एका अचानक झटक्यानं एक रॉकेट कोणी न सांगता सुटलं आणि त्या आगीत १३४ माणसं मेली. ते डिटोनेटर नव्हतं, रॉकेट पेटवणारी यंत्रणा होती, पण नात्यातलीच, आणि दोषही तोच, हुकूम देणाऱ्याची ओळख पटत नाही.

आणि मुलं. हे लिहिताना हात थांबतो. चकचकीत नळी आणि रंगीत वायरी, मुलांना दुसरं काय हवं असतं. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत शाळांमधून पोस्टरं लावावी लागली, डिटोनेटरची चित्रं आणि खाली लिहिलेलं, हात लावू नका, मोठ्यांना सांगा. पडलेले, हरवलेले, मोजणीत चुकलेले डिटोनेटर मुलांच्या हातात जायचे आणि बोटं, डोळे जायचे. काका संध्याकाळी मोजायचे, आणले किती, वापरले किती, परत किती, आणि एक जरी कमी भरला तर कोणालाही घरी जाऊ द्यायचे नाहीत. एकदा आम्ही टॉर्च घेऊन रात्री उशिरापर्यंत एक नळी शोधली होती, ती ट्रकच्या फळीखाली सापडली. तेव्हा मी मनातून चिडलो होतो. आज मी त्यांच्यापेक्षा जास्त वेळा मोजतो.

गेल्या ऐंशी वर्षांत या क्षेत्रात जे जे चांगलं झालं ते मला या एकाच प्रश्नाचं उत्तर वाटतं. १९४४ मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसला, जिथं पहिला अणुबॉम्ब बनत होता, लुईस अल्वारेझ आणि लॉरेन्स जॉन्स्टन यांनी अशी नळी केली जिच्यात तार तापत नाही तर प्रचंड झटक्यानं स्वतःच वाफ होऊन फुटते. कारण बॉम्बभोवतीचे ३२ स्फोट सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाच्या हिशोबात एकत्र व्हायला हवे होते. १६ जुलै १९४५ ला, पहिल्या अणुचाचणीत, ते झाले, आणि पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. त्या कामाबद्दल मन कायम जड राहतं. तरी त्या नळीचा एक गुण मान्य करावा लागतो, ती साध्या करंटला दाद देत नाही आणि तिच्यात ते अतिसंवेदनशील स्फोटकच नसतं.

खाणींसाठी उत्तर स्वीडनमधून आलं. नायट्रो नोबेल कंपनीत पेर-आंडर्स पेर्सन यांनी वीजच काढून टाकली आणि प्लास्टिकची एक बारीक नळी आणली, आतून स्फोटक भुकटीचा इतका पातळ थर की एका टोकाला धक्का दिला की सेकंदाला सुमारे २,००० मीटर वेगानं लाट आतून धावत जाते आणि नळी फुटतसुद्धा नाही. नॉनेल म्हणतात तिला. वायरलेसची भीती गेली, भटक्या करंटची गेली. पण काका तिच्यावर कधी पूर्ण खूश झाले नाहीत, कारण मीटर लावून विचारता येत नाही, सगळे जोड डोळ्यांनीच बघायचे. "हिला हाक मारली तर ओ देत नाही," म्हणायचे.

ओ देणारे नंतर आले, इलेक्ट्रॉनिक. नळीत चिप, स्वतःचा नंबर, एकेका मिलिसेकंदानं वेळ ठरवता येते, आणि उडवायच्या आधी मशीन एकेकाला हाक मारतं आणि प्रत्येक जण हजेरी देतो. नुसता करंट आला तर हे ढिम्म, ठरलेला सांकेतिक हुकूमच लागतो. साधे इलेक्ट्रिक डिटोनेटर त्यामुळे मागे पडत चाललेत, चुकीच्या हातात जाऊन त्यांचा वाईट उपयोग झाला हेही त्याला कारण आहे, आणि ते जाताहेत ते योग्यच आहे. त्यांची तापणारी तार मात्र कुठे गेली नाही. आपल्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅगच्या मागे तीच युक्ती बसलीय, करंट, तार, ठिणगी, आणि माणूस वाचतो. हेअरच्या तारेचं हे चालू काम मला सगळ्यात जास्त समाधान देतं.

काका आता नाहीत. मागच्या महिन्यात एका मोठ्या बाराच्या वेळी दोनशे चाळीस डिटोनेटरांपैकी एकानं हजेरी दिली नाही. मशीन ज्या मुलीच्या ताब्यात होतं ती माझ्याकडे शिकायला आहे, वय पंचविशीच्या आत. स्क्रीनवर त्याचा नंबर लाल दिसत होता. सगळे माझ्याकडे बघत होते, मी काही बोललो नाही. तिनं मशीन बंद केलं, लाइन सोडवली, चावी काढली आणि जॅकेटच्या आतल्या खिशात घालून चेन वर ओढली. मग घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "सर, बसू या जरा."